ऐब सांगून विकलेली घोडी

आम्ही टांगेवाल्यांच्या घरातले. खान्देशातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एके काळी स्टेशनापासून बाजारपेठेपर्यंत टांगे चालत, त्यांतला एक आमच्या आजोबांचा होता. ऑटोरिक्षा आल्या तशी सवारी कमी होत गेली. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांच्या नशिबी निदान कोर्टाचा निकाल तरी होता. 2015 साली उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितल्या, तेव्हा पेपरात बातमी आली. आमचे टांगे कोणी बंद केले नाहीत. ते एकेक करून उभे राहिले आणि उभेच राहिले.

अब्बांनी टांगा मोडीत काढला, पण दारातला घोडा जाऊ दिला नाही. लग्नाच्या वरातीसाठी घोडी ठेवायला सुरुवात केली. आज तो धंदा भाईजान पाहतात. भावांपैकी एकाने बी.एड. केले आणि तो उर्दू शाळेत मास्तर झाला. हे लिहिणारा हात त्याचा आहे. पण घोडा घरात एकट्याचा नसतो. खरारा एक जण करतो, पाणी दुसरा दाखवतो, तोबरा अम्मी भरते. घोडा घ्यायचा किंवा विकायचा म्हटला की सगळे घर त्यात गुंतते. म्हणून इथे 'आम्ही' असेच म्हणतो.

पूर्वी घोडा घेणे-विकणे म्हणजे यात्रा. आमच्यासाठी सारंगखेडा. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी एकमुखी दत्ताचे देऊळ आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. मराठवाड्यातली माणसे नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला, खंडोबाच्या यात्रेला जातात. तिथे सौदा दलालामार्फत होई. दलाल रुमालाखाली हात घेई, बोटे धरून आकडा सांगे आणि दोन्हीकडून दलाली घेई. अब्बा दरवर्षी त्याला शिव्या देत आणि दरवर्षी त्याच्याकडेच जात.

मग मोबाइल आला. घोड्याचा व्हिडिओ काढायचा, पाठवायचा, घेणाऱ्याने थेट घरी यायचे. ना यात्रेचा खर्च, ना दलाल. मालक ते मालक, मध्ये कोणी नाही. आम्हाला हे फार बरे वाटले. मधला माणूस गेला की त्याच्याबरोबर आणखी काय जाते, ते आमच्या पांढऱ्या घोडीच्या वेळी कळले.

ही घोडी आमच्याकडे सहा वर्षे होती. नुकरी, म्हणजे दुधासारखी पांढरी, कातडी गुलाबी. बँड वाजो, फटाके फुटोत, ही कान हलवून उभी राहायची. एका पावसाळ्यात तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी येऊ लागले, उजेड सहन होईना. औषधाने बरे वाटले, महिन्याने पुन्हा तेच. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिले आणि सांगितले, "डोळ्याच्या आतली सूज आहे. ही जाते आणि परत येते. दरवेळी थोडी नजर घेऊन जाते."

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. उजवीकडचे जग तो बहुतेक उजव्याच डोळ्याने पाहतो. ती बाजू अंधारली की तिकडून आलेली प्रत्येक गोष्ट त्याला अचानक आलेली वाटते. वरातीत उजवीकडून काय काय येते ते वाचकांना सांगायला नको. पाठीवर नवरदेव, त्याच्या पुढ्यात बऱ्याचदा चार-पाच वर्षांचे पोर आणि भोवती नाचणारी माणसे. भाईजानने त्या दिवसापासून तिला वरातीत नेले नाही. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होणार होता. दुसरी घोडी घ्यायला पैसे हवे होते आणि ते हिला विकल्याशिवाय पुरे पडणार नव्हते.

अब्बांनी एकच अट घातली, "ऐब बोलके बेचना."

व्हिडिओ पाठवला, खाली लिहिले की उजव्या डोळ्याला दोष आहे. पहिल्या आठवड्यात इतके फोन आले की मास्तरला शाळेत मोबाइल बंद ठेवावा लागला. डोळ्याचे वाचलेच नव्हते कोणी. प्रश्न ठरलेले. "लास्ट किती?" "नाचते का?" "इंची किती?" एकाने रात्री साडेअकराला फोन करून विचारले की घोडीच्या बदल्यात मोटारसायकल चालेल का. एक जण सलग चार रविवार "आज निघतोय, भाऊ" म्हणाला. चारही रविवारी आम्ही घोडीला आंघोळ घालून उभी केली. पाचव्या रविवारी त्याने विचारले, "फोटो नवीन असेल तर पाठवा."

जे आले, त्यांची तऱ्हा वेगळी. घोड्याकडे पाहण्याचे आपल्याकडे एक जुने शास्त्र आहे आणि त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही. शालिहोत्र ऋषींच्या नावावरून घोड्याच्या वैद्याला उर्दूत सलोतरी म्हणतात. रेख्तीसाठी ओळखला जाणारा शायर सआदत यार खान 'रंगीन' हा घोड्यांचा मोठा जाणकार होता. त्याचा 'फरसनामा' फिलॉट नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1911 साली इंग्रजीत आणला. या शास्त्रात रोगांच्या पारखीबरोबर खुणांचीही पारख असते. अंगावरचे भोवरे, त्यांच्या जागा, पायांचा रंग. चारही पाय आणि तोंड पांढरे तो पंचकल्याणी, शुभ. गळ्याखाली देवमणाचा भोवरा, फारच शुभ. मागचा एकच पाय पांढरा तो अर्जल, अशुभ. कपाळावर अंगठ्याखाली झाकेल एवढाच ठिपका तो सितारापेशानी, तोही अशुभ.

आमच्या दारात आलेल्या एका बागायतदाराने पाऊण तास भोवरे मोजले. मान, छाती, पोट, मागचे पाय, सगळे. देवमण सापडला तेव्हा त्याचा चेहरा उजळला. भाईजान म्हणाला, "नाना, उजवा डोळा पाहून घ्या." नाना म्हणाले, "डोळ्याचं काय एवढं? देवमण आहे ना!" मग घरी जाऊन त्यांनी कुणाला तरी विचारले आणि दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, "तुम्ही स्वतःहून डोळ्याचं सांगितलंत, म्हणजे आत आणखी काहीतरी मोठं असणार."

हे आम्ही पुढे तीनदा ऐकले. विकणारा ऐब सांगतो यावर विश्वास बसत नाही. बाजाराला सवय अशी की, सांगितलेल्याच्या दुप्पट लपवलेले असते. त्यामुळे खरे सांगणाऱ्याचा माल दोनदा स्वस्त होतो. एकदा ऐबामुळे आणि एकदा ऐब सांगितल्यामुळे.

आश्विनात एक हेडी आला. जुना व्यापारी, माणूस गोड बोलणारा. घोडीला फिरवून पाहिले, उजव्या बाजूने हात हलवला, ती दचकली. त्याला सगळे कळले होते. पलंगावर बसून चहा पीत अब्बांना म्हणाला, "चाचा, 90 हजार देतो. मी विचारत नाही, तुम्ही सांगू नका. दुसऱ्या जिल्ह्यात बँडवाला बसलाय." नव्वद हजारांत दुसरी घोडी जवळजवळ येत होती. भाईजान गप्प, मास्तर गप्प. अब्बा म्हणाले, "वो नै पूछेगा, मगर उसपे दूल्हा तो बैठेगा ना." हेडी हसला, चहा संपवला आणि गेला. त्या रात्री घरात कोणी फारसे जेवले नाही. अम्मी मात्र म्हणाली की बरे झाले, तिला तोबरा भरताना उद्या तोंड दाखवता येईल.

इकडे घोडी विकली जाईना आणि तिकडे हंगाम जवळ आला, तेव्हा पतसंस्थेतून कर्ज काढून दुसरी पाहायला निघालो. विकताना आम्ही खरे सांगून थकलो होतो. आता खोटे ऐकून थकायची पाळी होती.

पहिल्या ठिकाणी घोडी 64 इंची सांगितली होती. आमच्याकडे घोड्याची उंची खांद्याच्या उंचवट्यापर्यंत इंचांत मोजतात. आम्ही टेप लावला, 60 भरली. मोबाइल जमिनीशी धरून व्हिडिओ काढला की शिंगरूही हत्ती दिसते. मालक म्हणाला, "तुमचा टेप जुना आहे."

दुसऱ्या ठिकाणी घोडी चार वर्षांची सांगितली. घोड्याचे वय दातांवर लिहिलेले असते. समोरचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येऊ लागतात, मग त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरते. मग खालच्या दातांवरचे काळे खळगे सहा ते आठ वर्षांत झिजत जातात. दहाच्या सुमारास वरच्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीपाशी एक रेघ उमटते आणि वर्षांबरोबर खाली उतरते. खळगे कोरून काळे करणारे उस्तादही असतात, पण ती रेघ त्यांना पुसता येत नाही. अब्बांनी ओठ वर केला, रेघ निम्म्या दातापर्यंत आली होती. म्हणजे पंधराच्या घरातली. अब्बा मालकाला काही बोलले नाहीत. घोडीच्या मानेवर थाप मारली आणि "सलाम, आपा" म्हणाले.

तिसरी घोडी संध्याकाळी सुरेख चालली. आम्ही त्याच गावात नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि सकाळी पुन्हा गेलो. डांबरी रस्त्यावर दुडकी चालवायला सांगितली. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो, ही लंगडेपणाची सोपी खूण आहे. पावलागणिक मान वर जात होती. वेदना मारणारे इंजेक्शन आदल्या संध्याकाळपुरतेच होते. मालक म्हणाला, "रात्री शेजारच्या घोड्याची लाथ लागली असेल." त्याच्या तबेल्यात दुसरा घोडा नव्हता.

रक्ताच्या तपासणीचे नाव काढले की निम्मे मालक फोनच उचलत नाहीत. ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा एक वाईट आजार आहे, तो माणसालाही होतो. 2009 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तो कळवावा लागतो. नमुन्याची तपासणी हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात होते आणि रोग नक्की ठरला तर जनावर मारून टाकावे लागते. गरीब मालकाला भीती वाटते, ती आम्हाला समजते. पण तपासणी न केलेला घोडा आणून बांधायचा, तर आमच्याही घरात लहान मुले आहेत.

चौथी घोडी घेतली. काळीभोर, शांत, बँडला न बुजणारी. मालकाने सांगितले, दोन महिन्यांची गाभण आहे, नामी मारवाडी घोड्याकडून. त्याचे 15 हजार वेगळे. हाताने तपासू द्यायला तो तयार नव्हता, गर्भाला धक्का बसेल म्हणाला. त्या गावात सोनोग्राफीची सोय नव्हती. घोडी चांगली होती आणि हंगाम तोंडावर होता. घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे. आम्ही वैशाखानंतर तिला विश्रांती दिली, खुराक वाढवला. श्रावण गेला, भाद्रपद उजाडला, पोट होते तेवढेच राहिले. मालकाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "गाभडली असेल. तुमच्याकडं गेल्यावर." ती अजून आमच्याकडे आहे आणि उत्तम काम करते. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. खोटे ती बोलली नव्हती.

शाळेतल्या एका सहकाऱ्याचा भाऊ वकील आहे. त्याला आम्ही सगळे सांगितले, तेव्हा त्याने 1872 चा करार कायदा काढून कलम 17 दाखवले. फसवणूक कशाला म्हणायचे, याचे ते कलम आहे आणि ते समजावून सांगायला कायदा करणाऱ्यांनी उदाहरण घेतले आहे ते घोड्याचेच! घोडा सदोष आहे हे ठाऊक असून मालक लिलावात गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र नात्यामुळे सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की, "तू नाकारले नाहीस तर मी घोडा निर्दोष समजेन," आणि मालक तरीही गप्प बसला, तर ते गप्प बसणे बोलण्यासारखेच धरले जाते.

आम्ही ते कलम घरी आणून अब्बांना वाचून दाखवले. फिकहमध्ये 'खियारे-ऐब' म्हणून घेणाऱ्याचा एक हक्क आहे; न सांगितलेला ऐब निघाला तर माल परत करता येतो. तिथे गप्प बसण्याची सवलत विकणाऱ्याला नाही. अब्बांना दोन्हींतला फरक लगेच कळला. ते म्हणाले की इंग्रजाने मुलीसाठी जे ठेवले, ते आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी आहे. वकील मात्र म्हणाला, "चाचा, खरं आहे, पण कोर्टात कोण काय बोललं हे सिद्ध करावं लागतं. साक्षीदार कोण?"

प्रश्न तिथेच येऊन थांबतो. घोडा बोलत नाही. मालक ते मालक अशा सौद्यात दोनच तोंडे असतात आणि दोघांचाही स्वार्थ गुंतलेला असतो. यात्रेतला तो दलाल, ज्याला आम्ही आयुष्यभर शिव्या दिल्या, तो रुमालाखाली नुसता भाव ठरवत नव्हता. तो पुढच्या वर्षीही त्याच झाडाखाली बसणार होता. लंगडा घोडा गळ्यात मारला तर लोक त्याला तिथे येऊन गाठणार, हे त्याला माहीत होते. तोही लबाडी करी, पण तिला एक हद्द होती. मोबाइलवरच्या माणसाला झाड नाही. तो नंबर बदलतो.

पांढरी घोडी शेवटी पौषात गेली. घेणारा पैदास करणारा शेतकरी होता. व्हिडिओखालचे डोळ्याचे वाक्य वाचून फोन करणारा तो पहिला माणूस. त्याने सोबत स्वतःचा डॉक्टर आणला. डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि असा दोष कधी कधी पुढच्या पिढीत उतरू शकतो हेही आमच्यासमोर त्याला सांगितले. तो तासभर विचार करत घोडीजवळ बसून राहिला. मग म्हणाला, "45 हजार. वरातीला देणार नाही, भट्टीवर देणार नाही." वीटभट्टीच्या गाडीला जुंपलेली जनावरे आम्ही रोज पाहतो, त्यामुळे ते शेवटचे वाक्य आम्हाला पैशाइतकेच महत्त्वाचे वाटले. भाईजानने हात पुढे केला.

त्या दिवशी मास्तरने वहीचे पान फाडून एक कागद लिहिला. रंग, दातांवरून वय, टेपने मोजलेली उंची, अंगावरच्या खुणा. मग ठळक अक्षरांत ऐब, उजवा डोळा, केव्हापासून, कोणते औषध. खोडी, म्हणजे चावते का, लाथ मारते का, बुजते का. पुढे सात दिवसांची मुदत. न लिहिलेला ऐब निघाला तर घोडी परत, पैसे परत. खाली दोघांच्या सह्या आणि शेजारच्या किराणा दुकानदाराची साक्ष. कागद मराठीत लिहिला, कारण घेणाऱ्याला उर्दू येत नव्हते आणि न वाचता येणाऱ्या कागदावर सही घेणे हाही एक ऐबच झाला.

हिशोब मांडला तर आम्ही तोट्यात आहोत. हेड्याच्या 90 हजारांतले 45 गेले, चार महिन्यांचा कडबा आणि हरभरा गेला, पतसंस्थेचे व्याज गेले, न जन्मलेल्या शिंगराचे 15 हजार गेले. भाईजान हा हिशोब वर्षातून एकदा तरी मोठ्याने करतो आणि त्याला तो हक्क आहे. प्रामाणिकपणाचा फायदाच होतो, असे आम्ही वर्गात मुलांना सांगत नाही. कारण निम्मी मुले व्यापाऱ्यांच्या घरची आहेत, ती हसतील.

पण कागदाच्या प्रती आम्ही काढून ठेवल्या आहेत. गावात घोडा घेणारे-विकणारे अजून पंधरा-वीस जण आहेत, मागेल त्याला देतो. आम्हाला कोणी घोडा दाखवायला आणला, तर चहाआधी तो कागद पुढे ठेवतो आणि कलम 17 मधला तो प्रश्न साक्षीदारासमोर मोठ्याने विचारतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर आम्ही घोडा निर्दोष धरतो." पाचांतले तीन जण "घरी विचारून सांगतो" म्हणून उठतात. उरलेले दोघे डोके खाजवतात आणि मग हळूच म्हणतात, "तसं एक आहे, मागच्या पायाला जरा..." तिथून पुढे बोलणे होते ते खरे. भावही मग नीट ठरतो.